पाण्याची वाट बघणारा डॉक्टर

लग्नाच्या मांडवात मुनीर डॉक्टर आले की माणसं हळूच दुसऱ्या जाजमावर सरकायची. माणूस वाईट होता म्हणून नव्हे हो. इकडं नवरा-नवरीवर अक्षता पडायच्या, आणि तिकडं हे एखाद्या भारदस्त पाहुण्याला सगळ्यांदेखत विचारायचे, "काय देशमुख, पाय सुजलेले दिसून राहिले. लघवी बराबर होती ना?" देशमुखांच्या हातातला विडा हातातच राहायचा. आवाज बायकांच्या बाजूपर्यंत यायचा. आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो.

वसमतला आमचं हळदीचं दुकान आणि त्यांचा दवाखाना यांच्यात एकच भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "त्या भिंतीच्या पल्याड डोकावू नको. तिथं मूत शिजवतेत."

आणि शिजवायचेच की! रोग्याची लघवी काचेच्या नळीत घ्यायचे, उन्हाकडं धरून बघायचे, मग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. फाटलेल्या दुधासारखं पांढरं साकळलं की त्यांचा चेहरा उतरायचा. गुर्दा गळतोय म्हणायचे. मूत्रपिंडाला ते गुर्दा म्हणायचे, त्यामुळं आम्हीही तेच म्हणतो. सगळं गाव खोकल्याला भीत होतं, तापाला भीत होतं. हा एकटा माणूस गुर्द्याला भ्यायचा. त्यांची बायको त्यानंच गेली होती, पाणी चढून. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही त्यांच्या तोंडून नाही.

उंच, किडकिडीत, खांद्यात वाकलेले. मूळचे जवळच्या हट्टा गावचे, म्हणून मराठी आमच्यासारखंच बोलायचे. चिडले की मात्र दखनीत जायचे. हात धुवायला बसले की उठायचेच नाहीत. साबण लावायचे, धुवायचे, परत लावायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं वैतागून विचारलं, "डाक्टर, माझं गळू कापणार का हात सोलणार?" तर म्हणाले, "दोन्ही. आधी हात."

पोट तपासायची त्यांची तऱ्हा बघण्यासारखी. एक बोट पोटावर ठेवायचं, दुसऱ्यानं त्यावर टकटक वाजवायचं, आणि मान वाकडी करून ऐकायचं. कुठं पोकळ वाजतं, कुठं बद्द वाजतं. "आत कोण हाय ते इचारल्याबिगर सुई घालू न्हाई," म्हणायचे.

हट्ट्याचा एक जलोदराचा म्हातारा आठवतो. पोट असं टम्म की बैलगाडीतून उतरवायला चौघं लागले. डॉक्टरांनी दवाखान्याच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर, त्याला तक्क्याला टेकवून बसवलं. एक बारीक नळी आणि तिच्या आत बसणारा टोकदार दाभण, असं त्यांचं हत्यार होतं. दोन्ही मिळून पोटात घालायचं, मग दाभण काढून घ्यायचा, नळी आत राहते. त्या नळीतून पाणी बादलीत पडायला लागलं. आणि डॉक्टरांनी काय केलं, त्या म्हाताऱ्याचाच पटका सोडला, पोटाला गुंडाळला, आणि दोन्ही टोकं त्याच्या पोराच्या हातात दिली. "पाणी जाईल तसतसा आवळ." थोड्या वेळानं नळीला चिमटा लावून पाणी बंद केलं.

पोरगा तापला. "अर्धं पोट काहून ठेवून राहिले? पुरं काढा ना!"

"तुझ्या इहिरीचं पाणी एकदम उपसलं तर काय हुतं?"

"कडा ढासळती."

"मंग? उरलेलं उद्या. आवळ तू. बोलू नको."

असा माणूस. आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते सांगते.

कौसा माझी धाकटी जाऊ. हसरी, नकलाकार. डोक्यावर नवऱ्याची टोपी घालून, वाकून, "काय देशमुख, लघवी?" अशी नक्कल करायची की आत्याबाईसुद्धा लाटणं टाकून हसायच्या. तिचं लेकरू नुकतं रांगायला लागलं होतं. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. रझाकारीचे दिवस, परभणीला जायचं तर लोक दहादा विचार करायचे. त्यात पटकीची साथ आली, आणि कौसाला लागण झाली.

डॉक्टरांनी तिला दवाखान्यात नेऊन शिरेतून मिठाचं पाणी दिलं. साथीच्या दिवसांत ते पाणी लागायचं फार. साधं पाणी चालत नाही, वाफेचं लागतं. ते काढून द्यायचे हुसेनचाचा अत्तार. गुलाबपाणी नि अर्क काढायचं तांब्याचं मोठं डेग होतं त्यांच्याकडं. ते घासून-पुसून त्यात साधं पाणी उकळायचे आणि वाफेचं थेंबथेंब पाणी बाटल्यांत भरून पाठवायचे. त्या पाण्यानं कौसा वाचली. जुलाब थांबले, डोळे उघडले, लेकराला हाक मारली, मग तिला घरी आणलं. आत्याबाईंनी देवीला नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा भिंतीवरून डॉक्टरांना दिला.

डॉक्टरांनी तो हातात धरला, खाल्ला नाही. "लघवी झाली का तिला?"

"होईल की! आता काय, जीव वाचला."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आता कुणी हसत नव्हतं. कौसाला एक थेंब होत नव्हता. आत्याबाईंना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी गोखरूचा काढा केला, जवाचं पाणी केलं, तांब्या-तांब्या पाजलं. आमच्याकडं लघवी अडली की हेच करतात, कुणीही केलं असतं. चौथ्या दिवशी कौसाचं तोंड सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या. उचकी लागली, ती थांबेना. बोलता बोलता झोपायची.

डॉक्टरांनी कोपऱ्यातला काढ्याचा तांब्या बघितला आणि दखनीत गेले. "अम्मा, ये क्या पिलाए तुमे? बाहर जाने का रास्ता बंद है, और तुम भरते जारे!"

मग खाली जमिनीवरच बसले. आम्ही सगळे भोवती: मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई, कौसाचा नवरा भाऊराव, आणि दारात मी.

"पोरीचे गुर्दे मेले न्हाईत, झोपलेत. पटकीनं अंगातलं पाणी आटलं, त्याचा धक्का हाय. थोडे दिवस ग्येले तर उठतील. पण तवर अंगातलं जहर साचून राहिलं. ते न्हाई निघालं तर ती तितके दिवस काढणार न्हाई."

"मग काढा," मामाजी म्हणाले.

"माझा एक दोस्त फौजेत डॉक्टर होता. तो सांगत व्हता, साहेबलोक आता पोट धुतेत. पोटाच्या आत चहूकडनं पडदा आसतो, बारीक चाळणीवानी. मीठ-साखरेचं पाणी आत सोडायचं, थोडं थांबायचं. रक्तातलं जहर त्या पडद्यातनं पाण्यात उतरतं. मंग ते पाणी काढायचं, नवं भरायचं. गुर्दे उठेपर्यंत."

"तुमी केलंय?" भाऊरावांनी विचारलं.

"न्हाई."

"तुमच्या दोस्तानं?"

"त्यानंबी न्हाई. त्यानं आयकलंय."

आत्याबाई उसळल्या. "म्हंजे त्यानं आयकलं, ते तुमी आयकलं, अन् आमच्या सुनंच्या पोटाला भोक पाडणार!"

"व्हय," डॉक्टर म्हणाले. "आगदी तसंच."

 भाऊराव मामाजींकडं बघायचे, मामाजी आत्याबाईंकडं. तेव्हा डॉक्टर उठले आणि खाटेपाशी गेले. तोवर कौसाला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी तिला हलवून जागं केलं आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द गोड न करता. आतडं फुटलं तर मरशील, पू झाला तर मरशील, काही नाही केलं तरी मरशील.

तिनं उचक्या देत ऐकलं. "लेकरू कुणाजवळ हाय?"

"माझ्याजवळ," मी म्हटलं.

"करा मंग," ती डॉक्टरांना म्हणाली. आणि परत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात धुणं घालत होते. भिंतीपलीकडून डॉक्टरांचा आवाज आला. "ही मेली."

माझ्या हातातलं लुगडं सुटलं. परत आवाज. "हीपण मेली." मी दगडावर चढून बघितलं. डॉक्टर उकिडवे बसले होते. समोर भिस्त्याची जुनी पखाल, पाणी वाहायची ती कातड्याची पिशवी. कसायाकडून बकऱ्याची आतडी आणून ती पखालीत भरली होती, थोडं पाणी ओतलं होतं, आणि वरून आपली दाभणाची नळी खुपसून बघत होते. नळी आत गेली की पखाल उघडून आतडी तपासायची. भोक पडलेलं असलं की, "मेली."

मागं आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या. "कोण मेली? कोण मेली म्हणतोय त्यो?"

"आतडी, आत्याबाई. बकऱ्याची."

त्या डोकं धरून खाली बसल्या. पण उठून गेल्या नाहीत. दोघी तिथंच, एक दगडावर, एक खाली. डॉक्टरांनी भोकं पडलेली आतडी काढून नवी भरली. मग त्यांनी पखालीचं तोंड बांधलं, एक बारीक सुई टोचली आणि तिच्यातून आत पाणी सोडत राहिले. पखाल फुगली. मग नळी घेतली, तिरपी धरली, गोल गोल फिरवत दाबली. आत गेली. पखाल उघडली. आतडी पाण्यावर तरंगून बाजूला झाली होती, शाबूत.

"ही वाचली," ते म्हणाले. इतक्या हळू की मलाच ऐकू आलं असेल.

तरी परत केलं. परत. मग हात धुवायला बसले.

आमच्याकडची सून, परका पुरुष, त्यातून पोट उघडं करायचं. आत्याबाईंचा जीव त्यातही अडकला होता. तिला परत दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी उकळून वाळवलेली चादर आणली, तिला मधोमध वीतभर भोक कापलेलं. कौसाच्या अंगावर गळ्यापासून पायापर्यंत घातली. बेंबीखालची जागा तेवढी उघडी राहिली. आत्याबाई मला म्हणाल्या, "मानूस आब राखून हाय." डॉक्टरांनी ती चादर जंतूंसाठी आणली होती. ते मला माहीत होतं, मी बोलले नाही. त्यांनीही ऐकलं असणार. तेही बोलले नाहीत.

सगळी तयारी झाली आणि हुसेनचाचा स्वतः बाटल्या घेऊन आले. एरवी नोकराबरोबर पाठवायचे. डॉक्टरांनी पहिली बाटली उघडली आणि तिथंच थांबले. बाटली नाकाला लावली. दुसरी उघडली. तिसरी.

"चाचा, ह्यात काय हाय?"

चाचांचा चेहरा फुलला. "वाळा टाकलो थोडा. रोज परायांसाठी काढतो, आज अपनी कौसा हाय. पोटात थंडाई राहील बच्चीच्या. वासबी चांगला."

मला वाटलं, आता डॉक्टर बाटल्या फोडणार. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "चाचा, पोटाला आतून नाक नसतं." आणि सगळ्या बाटल्या एकेक करून मोरीत ओतल्या. दवाखानाभर वाळ्याचा वास सुटला. चाचांनी एक रिकामी बाटली छातीशी धरली. "मैं मार डाला क्या उसको?"

"अबी न्हाई. पळा. डेग राखेनं घासा, दोनदा कोरं पाणी उकळून फेका, मंग भरा. वास आला तर परत पाठवीन."

चाचा अनवाणीच पळाले. त्यानंतरचं वाट बघणं मला आयुष्यात विसरता आलं नाही. कौसाचा श्वास खोल झाला होता, घरघर करत. उचकी मंद झाली होती, आणि डॉक्टर म्हणाले ते चांगलं लक्षण नव्हे. ते खाटेभोवती फेऱ्या घालत, नळी उकळत, परत उकळत. दुपार कलायला लागली तेव्हा पहिल्या कोऱ्या बाटल्या आल्या. डॉक्टरांनी वास घेतला, जिभेवर थेंब घेतला. "आता बरोबर." मीठ, साखर घालून पाणी परत उकळलं, कोमट होऊ दिलं.

कौसाचं डोकं माझ्या मांडीवर. त्यांनी आधी बधिर करायची सुई दिली. मग बारीक सुई, तिच्यातून पाणी. पोट हळूहळू वर आलं. मग बेंबीखाली चिमुकली चीर. "बेटी, डोकं उचल. पोट ताठ कर. आता मी दाबणार." कौसानं मान उचलली. मी बघितलं नाही, खोटं कशाला सांगू. मी तिच्या भांगाकडं बघत राहिले. एक बारीक झटका मला तिच्या अंगातून माझ्या मांडीपर्यंत जाणवला.

"ग्येली," डॉक्टर म्हणाले.

दाभण काढला. नळीतून स्वच्छ पाणी वर आलं, त्यात हिरवं-पिवळं काही नव्हतं. म्हणजे आतडं शाबूत. त्या नळीतून त्यांनी एक मऊ रबरी नळी आत सरकवली. तिच्या टोकाला त्यांनी स्वतः तापल्या सुईनं बारीक बारीक भोकं पाडली होती. मग बाटली उंच टांगली. पाणी आत गेलं. थांबलो. मग बाटली खाली जमिनीवर ठेवली, आतलं पाणी परत उतरायला.

उतरेना.

रबरी नळी कोरडी. डॉक्टरांनी बाटली आणखी खाली धरली. काही नाही. कौसाचं पोट तट्ट, आणि श्वास वरच्या वर. भाऊराव ओरडले, "ओढा ना बाहेर, ओढा ती नळी!"

"ओढली तर आतली चरबीची चादर नळीत शिरंल. ती शिरली आसंल म्हणूनच बंद हाय." ते कौसाला म्हणाले, "बेटी, डाव्या कुशीला." आम्ही वळवलं. काही नाही. "उजव्या." पिचकारीनं थोडंसं पाणी नळीतून हलकेच मागं ढकललं. ओढलं नाही, ढकललं. नळी बोटांनी जरा फिरवली, केसभर मागं घेतली. आणि थांबले. आम्ही सगळे त्या जमिनीवरच्या बाटलीच्या तोंडाकडं बघत होतो.

एक थेंब पडला. मग दुसरा. मग धार लागली.

डॉक्टर भिंतीला पाठ लावून खाली सरकत बसले. "आता हेच," म्हणाले, "परत परत."

आणि परत परत तेच चाललं. भरायचं, थांबायचं, उतरवायचं. हुसेनचाचांच्या डेगाखालचा जाळ विझला नाही. पोरं बाटल्या नेत-आणत होती. उचकी थांबली. कौसा डोळे उघडून लेकराला ओळखू लागली. मध्ये एकदा ताप चढला, पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी कुणाकडून तरी मिळवून जपून ठेवलेलं पेनिसिलीन होतं, ते सगळं तिला टोचलं. ताप उतरेपर्यंत ते तिच्या उशाशी बसून राहिले.

मग एके सकाळी मी दुकानाचा ओटा झाडत होते, आणि दवाखान्यातून आत्याबाई बाहेर आल्या. रस्त्यावर. डोक्यावरचा पदर घसरलेला, दोन्ही हातांत भांडं धरलेलं. सगळ्या बाजारासमोर ओरडत, "झाली! आमच्या कौसाला झाली! बघा!" डॉक्टर हात धुऊन मागून पळत येत होते. "अम्मा, सांडू नका! मला बघायची हाय!" समोरच्या कापडवाल्यानं गज टाकला आणि हात जोडले. कशाला जोडले, कुणाला, त्यालाच माहीत.

कौसा उठली. लेकरू चालायला लागलं.

भादव्यात पोलीस ॲक्शन झाली. नंतर गावात माणसं एकमेकांशी बोलायच्या आधी इकडं-तिकडं बघायला लागली. डॉक्टरांच्या दवाखान्यात गर्दी कमी झाली. कुणी त्यांना काही केलं नाही, पण कुणी मांडवातही बोलावलं नाही. त्यांची लेक हैदराबादेत होती; तिनं बोलावून घेतलं. थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी बैलगाडी दाराशी उभी राहिली. सामान फार नव्हतं.

निघायच्या आधी ते आमच्या ओट्यापाशी आले. कौसाला बाहेर बोलावलं. डोक्यावर हात ठेवला, जखम कशी आहे विचारलं. मग जरा घुटमळले. वर्गात मागं बसलेलं पोरगं मास्तरांना शंका विचारायला उठावं, तसे.

"बेटी, एक इचारायचं राहिलं. ते पाणी आत जायचं तवा काय वाटायचं? मला कुणी सांगितलं न्हाई कधी. सांगणारी तू एकटीच हाय."

कौसानं विचार केला. "चीर पाडली तवा कळलं न्हाई. पण पाणी भरलं की खांदा दुखायचा. हा, उजवा. लई दुखायचा."

"खांदा?" डॉक्टर बघतच राहिले. "पाणी पोटात, अन् दुखणं खांद्यात?"

"व्हय."

"मंग येवढे दिवस बोलली काहून न्हाई गं?"

कौसानं पदर सावरला. "तुमचे हात कापत व्हते, डाक्टर. म्हटलं, आपण बोललो तर आनखी भितील."

डॉक्टरांनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले. गाडीवानानं बैलांना हाकारलं. गाडी वळेपर्यंत मला दिसत होतं: आमच्याकडं पाठ करून बसलेले, वाकलेले, डावा हात पलीकडं नेऊन आपलाच उजवा खांदा चाचपत होते, आधी पुढून, मग मागून, बोट ठेवून.